परतवाटेवरचे दार

‘पश्चात्ताप’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्याच्या पोटातला विस्तव आता कोणाला जाणवत नाही. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे होरपळ. कृत्य घडून गेल्यावर मनाला लागलेली धग. शब्द नेमका आहे. मात्र तो माणसाला काय वाटते एवढेच सांगतो. त्याने उठून कोणत्या दिशेने चालावे, याविषयी तो मौन पाळतो. मराठी बायबल वाचताना या शब्दापाशी मी पुनःपुन्हा थबकत आलो आहे. मी ख्रिस्ती नाही. संतांच्या आत्मनिवेदनपर अभंगांवर प्रबंध लिहीत असताना ‘अनुताप’ या कल्पनेचा माग काढत मी ख्रिस्ती वाङ्मयाकडे आलो आणि वाचक म्हणून तेथे रेंगाळलो. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक सांगत असत. माझ्यासारखा वाचक त्याच सेतूवर उभा राहून दोन्ही तीर पाहतो, इतकेच.

मराठीत या अनुभवाला निदान तीन आणखी नावे आहेत आणि तिन्हींची घरे वेगळी आहेत. ‘पस्तावा’ हा घरगुती शब्द. घाईने शेत विकून बसलेला, भलत्या माणसाला जामीन राहिलेला माणूस पस्तावतो. त्यात हानीची हळहळ असते. अपराधाची जाणीव असेलच असे नाही. ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्राचा शब्द. तेथे पातकांची प्रतवारी ठरलेली आणि त्यांवरची व्रते, दाने, उपोषणेही ठरलेली. करणाऱ्याचे मन त्या वेळी कोठे आहे, हा प्रश्न व्यवहारात तरी गौण होऊन बसला. ‘अनुताप’ हा संतांचा शब्द. तेथे मन हेच सर्वस्व. ते एकदा खरोखर पोळले की मग तीर्थाची आणि व्रताची मातब्बरी ती काय, असा संतांचा भाव. ख्रिस्ती पश्चात्तापात या तिन्हींचा अंश आहे आणि तरीही तो तिन्हींत पुरता मावत नाही. हे जे मावत नाही, त्याविषयी मला येथे लिहायचे आहे.

जुन्या करारातील संदेष्टे लोकांना साद घालतात ती हिब्रूतील ‘शूव’ या धातूने. त्याचा सरळ अर्थ परत फिरणे. वाट चुकलेला वाटसरू थांबतो, तोंड फिरवतो आणि घराच्या दिशेने चालू लागतो. एवढी साधी क्रिया. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘मेटानोइया’ हा शब्द येतो. मनाचे, विचाराच्या मुळाचे पालटणे असा त्याचा आशय. लॅटिन भाषांतरात या शब्दाच्या जागी ‘पेनितेन्तिया’ आला आणि मध्ययुगात योहानाच्या व येशूच्या त्या हाकेचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाऊ लागला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी, असा नियम केला. नियमाबरोबर हिशेब आला, हिशेबाबरोबर सवलत आली आणि पुढे दंडमाफीची पत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून विद्वानांच्या हाती दिला. १५१७ मध्ये मार्टिन लूथरने मांडलेल्या पंचाण्णव विधानांपैकी पहिलेच विधान असे आहे की श्रद्धावंताचे अवघे आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. पुढल्याच वर्षी आपले गुरू स्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्याने या ग्रीक शब्दाने आपल्याला काय दाखवले, ते सांगितले आहे. एका शब्दाच्या भाषांतरावरून युरोपचे धर्मजीवन हादरावे, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला पुष्कळ काही शिकवून जाते.

लूथरचे म्हणणे उदात्त आहे, यात शंका नाही. तथापि त्यात एक धोकाही दडलेला आहे. पश्चात्ताप हा सर्वस्वी मनाचा आणि देवाचा व्यवहार ठरला की ज्याचा अपराध केला तो माणूस हळूच चित्रातून बाहेर जातो. पापी रडतो, देव क्षमा करतो, स्वर्गात आनंद होतो. आणि ज्याचे घर लुटले गेले तो अंगणात तसाच उभा राहतो. एकदा बायबल आणि साहित्य या विषयावर बोलताना मी दावीद राजाचे आख्यान वर्गात सांगत होतो. दावीदाने बथशेबाचा भोग घेतला आणि ते झाकण्यासाठी तिचा नवरा उरिया याला लढाईत अशा जागी उभे करविले की तो परत येऊच नये. पुढे नाथान संदेष्ट्याने एका कोकराची गोष्ट सांगून राजाच्या तोंडूनच राजाचा निवाडा करवून घेतला. परंपरेने त्या प्रसंगाशी जोडलेले एक्कावन्नावे स्तोत्र जगातील अनुतापकाव्याचा मुकुटमणी मानले जाते. मी त्या काव्याच्या थोरवीविषयी बोलत असताना मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, “सर, उरियाचे काय?”

हा प्रश्न साधा नाही. त्या स्तोत्रात राजा देवाला उद्देशून आपण केवळ त्याचाच अपराध केला असे म्हणतो. टीकाकारांनी या ओळीची समर्थने अनेक दिली आहेत: प्रत्येक पाप अंतिमतः ईश्वराविरुद्धच असते, माणसाविरुद्धच्या अपराधाला वजन येते तेच माणूस ईश्वराचा म्हणून. ही समर्थने मला मान्य आहेत आणि तरीही त्या मुलीचा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर मला सापडले ते एका अगदी अनपेक्षित जागी, बहुतेक वाचक जी पाने ओलांडून पुढे जातात त्या वंशावळीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवात येशूच्या पूर्वजांच्या यादीने होते. त्यात तामार, राहाब, रूथ या स्त्रिया नावांनिशी येतात. बथशेबाचे नाव मात्र येत नाही. तेथे शलमोनाची आई म्हणून उरियाच्या बायकोचा उल्लेख येतो. तोवर दावीद मरून सुमारे एक हजार वर्षे झाली होती आणि उरिया तर त्याच्याही आधी गेला होता. तरीही ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पानावर, ज्याला तारणारा म्हणून पुजायचे त्याच्याच वंशावळीत, मारल्या गेलेल्या माणसाचे नाव कोरून ठेवलेले आहे. क्षमा झाली म्हणून नाव पुसले गेले नाही. मृत माणसाला परत आणता येत नाही. त्याचे नाव मात्र राखता येते, आणि ते राखणे हाही पश्चात्तापाचाच एक भाग आहे.

नाथानाची गोष्ट ऐकून दावीद संतापाने म्हणतो की कोकरू हिरावणाऱ्याने त्याची चौपट भरपाई केली पाहिजे. दावीदाला ती कधी भरता आली नाही. शुभवर्तमानात मात्र हीच ‘चौपट’ पुन्हा ऐकू येते, ती लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, यरीहो गावच्या जक्कयाच्या तोंडून. जक्कय हा रोमन सत्तेसाठी कर वसूल करणाऱ्यांचा मुखिया. ठेंगणा, श्रीमंत आणि गावाला नकोसा. गर्दीत येशू दिसत नाही म्हणून तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो. येथे लक्षात घेण्याजोगे हे की जक्कय रडल्याचा उल्लेख लूक कोठेही करीत नाही. जक्कय उभा राहतो आणि आकडे सांगतो: मालमत्तेचा अर्धा हिस्सा गरिबांना आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट. दुसऱ्या दिवशी त्याला गावातील दारोदार हिंडावे लागले असेल. कोणी पैसे घेतले असतील, कोणी तोंडावर फेकले असतील. लूक ते सांगत नाही. पण परत फिरणे म्हणजे काय, याचे मला माहीत असलेले सर्वांत व्यावहारिक उत्तर ते हेच. घराकडे जाणारी वाट नाडलेल्यांच्या दारांवरून जाते.

कोणी म्हणेल की भरपाई हीच खूण मानायची तर यहूदाचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. यहूदाने गुरूला धरून दिले आणि मग त्याला दुःख झाले. त्याने आपला अपराध शब्दांत कबूल केला आणि तीस रुपये परत नेऊन मंदिरात टाकले. कॅथलिक परंपरा पश्चात्तापाची जी अंगे सांगते, म्हणजे अनुताप, कबुली आणि भरपाई, ती तिन्ही वरवर पाहता त्याने पुरी केली. मत्तय मात्र त्याच्यासाठी ‘मेटानोइया’च्या कुळातले क्रियापद वापरीत नाही, खंत वाटणे, कृत्य नकोसे होणे अशा अर्थाचे दुसरेच क्रियापद वापरतो. मला यातले मर्म असे दिसते की यहूदा चुकीच्या दारी गेला. तो गेला याजकांकडे, ज्यांच्याशी त्याने सौदा केला होता त्यांच्याकडे. त्याचे आम्हांला काय, असे म्हणून त्यांनी हात झटकले. मग त्याने स्वतःच आरोपी, साक्षीदार, न्यायाधीश आणि मारेकरी या साऱ्या भूमिका एकट्याने वठवल्या. ज्याचा अपराध केला त्याला बोलण्याची संधीच त्याने ठेवली नाही. तो थांबला असता तर, असा विचार मनात येतो आणि तेथेच सोडून द्यावा लागतो.

पेत्राचा अपराध काही कमी नव्हता. त्याच रात्री, महायाजकाच्या वाड्यात, कोळशांच्या शेगडीपाशी शेकत उभा असताना त्याने गुरूला तीनदा नाकारले. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. पण पेत्राचा पश्चात्ताप त्या रडण्यात संपत नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तलावाकाठी पहाटे पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे आणि त्यावर मासळी भाजलेली आहे. कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला तो ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आधी न्याहारी होते. मग तीनदा नाकारणाऱ्याला, तुझे माझ्यावर प्रेम आहे का, असे तीनदा विचारले जाते. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते. ते वाईट वाटणे टाळले जात नाही. प्रत्येक उत्तरामागोमाग त्याला एक काम सोपवले जाते: मेंढरे राखण्याचे. यहूदाजवळ आणि पेत्राजवळ दुःख सारखेच होते, असे मला वाटते. फरक पडला तो इतकाच की पेत्र जिवंत राहिला, वाट पाहत राहिला आणि ज्याला नाकारले होते त्याच्या विस्तवापाशी जाऊन बसला. पश्चात्ताप सुरू करणे अपराध्याच्या हाती असते. तो पुरा करणे त्याच्या हाती नसते.

साहित्यात या गोष्टीची सखोल जाण मला आढळते ती रशियन कादंबरीत. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ मधील ‘गुन्हा आणि शिक्षा’चा शेवट बहुतेकांच्या स्मरणात असतो तो रास्कोल्निकोव्ह चौकात गुडघे टेकून भूमीचे चुंबन घेतो आणि पुढे पोलिसांपुढे कबुली देतो, असा. प्रत्यक्षात कबुली देताना आणि सैबेरियात गेल्यावरही बराच काळ त्याला पश्चात्ताप होत नाही. आपला बेत फसला याचाच सल त्याला असतो. कबुली आणि पश्चात्ताप यांत किती अंतर असते, हे त्या उपसंहाराइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल. त्या कादंबरीत दोन खून आहेत. सावकारीण म्हातारी सर्वांच्या लक्षात राहते. तिची सावत्र बहीण, गरीब लिझावेता, वाचक विसरतो आणि रास्कोल्निकोव्हही तिला जवळजवळ विसरलेला असतो. लिझावेता ही त्या कादंबरीतली उरिया. दोस्तोयेव्हस्की मात्र तिला विसरत नाही. सोन्या ज्या प्रतीतून लाजराच्या पुनरुत्थानाची कथा रास्कोल्निकोव्हला वाचून दाखवते, ती प्रत तिला लिझावेताने आणून दिलेली असते. सैबेरियात रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली असलेला नवा करार तोच. ज्या क्षणी त्याचे मन पालटू लागते त्या क्षणी त्याच्या हाती त्याने मारलेल्या बाईचे पुस्तक आहे. टॉलस्टॉयने १८९९ मधील ‘पुनरुत्थान’मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने पाहिली. नेख्ल्यूडोव्हने जिचे आयुष्य नासवले ती मास्लोवा तुरुंगात त्याला संतापून बजावते की माझ्या आधाराने तुला स्वतःचा उद्धार करून घ्यायचा आहे. पश्चात्तापातही स्वार्थ शिरतो, हे ओळखण्याचा अधिकार दुखावलेल्या माणसाचाच. क्षमा हा त्याच्यावरचा कर नव्हे. दार उघडायचे की नाही, हे घरातले माणूस ठरवील.

व्यक्तीला जे लागू ते संस्थेलाही लागू व्हावयास हवे. येथे ख्रिस्ती इतिहासाचे एक पान आपल्या अगदी जवळचे आहे. गोव्यात राशोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीची इतकी ओढ असलेला परका माणूस विरळा. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते आणि मधली थोडी वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत बसून होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घरात जुने आचार पाळले, या संशयावरून कितीतरी माणसे तेथे उभी केली गेली. पश्चात्ताप दाखवणाऱ्यांना क्रूसाची खूण असलेला पिवळा झगा घालून मिरवणुकीने नेले जाई. फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने स्वतः ते भोगून १६८७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या शब्दाचा अर्थ आपण होऊन परत फिरणे असा होता, त्या शब्दाचा येथे गणवेश झाला. सत्तेने दुर्बळाकडून वसूल केलेला पश्चात्ताप हा पश्चात्तापाचा शेवटचा अधःपात होय. वस्तुतः परतवाट धरण्याची पाळी न्यायासनावर बसलेल्यांची होती.

ती पाळी फार उशिरा आली, पण आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या धुरीणांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे आपल्या दोषाची जाहीर कबुली दिली. मायदेशात त्यांना त्यासाठी पुष्कळ बोल सोसावे लागले; तेव्हा ते धैर्याचे काम होते हे मान्यच केले पाहिजे. तरी त्या कबुलीत ज्यूंचा नामोल्लेख नव्हता. ते नाव स्पष्टपणे उच्चारायला बर्लिनच्या वायसेन्झे येथील १९५० ची धर्मसभा यावी लागली. पुढे १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या मुलांनी केलेल्या अपराधांबद्दल क्षमायाचना केली आणि चौदा दिवसांनी ते जेरुसलेमला गेले. तेथील पश्चिम भिंतीच्या फटीत त्यांनी क्षमेच्या प्रार्थनेचा कागद स्वहस्ते ठेवला. मला या दोन कृतींत दुसरी मोलाची वाटते. रोमच्या वेदीवरून मागितलेली क्षमा देवाला ऐकू गेली असेल. ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या दाराशी मात्र एका वृद्ध, थकलेल्या माणसाला चालत जावे लागले.

आपल्या देशातील चर्चपुढे हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा आहे. समतेच्या आशेने ज्यांनी धर्म बदलला, त्यांच्या वाट्याला काही ठिकाणी वेगळी बाके आली. तमिळनाडूत तर मृतांनाही भिंतीने वेगळे केलेल्या दफनभूमी निघाल्या. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना अशा भेदभावाला पाप म्हटले. शब्द उच्चारला गेला, ही लहान गोष्ट नव्हे. भिंत पाडणे हे त्यापुढचे काम. कारण जक्कय उभा राहून बोलला तेव्हा त्याने आकडे सांगितले होते.

हे काम अशक्य नाही, याचा दाखला मराठी वाचकाला दूर शोधावा लागत नाही. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि निखळ भाषेसाठी वाचतो. पण तिच्यात मेटानोइयाचे एक अस्सल मराठी उदाहरण आहे, आणि तो ग्रीक शब्द बाईंना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या होत्या. पुढे नवऱ्याजवळ राहू लागल्यावरही त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनातून जात गळून पडते: माणसे देवाने केली, जाती माणसांनी. ना छाती पिटणे, ना अश्रूंचा पूर. मन पालटल्याची खूण एवढीच की त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागतात. हा बाप्तिस्म्याच्या आधीचा बदल आहे, हे विशेष. ज्यांना आजवर अंतरावर ठेवले त्यांच्या हातून पाण्याचा पेला घेणे, यातच परत फिरण्याचा अवघा अर्थ सामावला आहे.

मग पश्चात्तापाचे मोल कशात? माझ्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती विचाराने जगाला दिलेली मोठी गोष्ट ही की माणूस आणि त्याचे कृत्य एकरूप नाहीत. कृत्य झाले ते झाले. ते काळाच्या दगडावर कोरले गेले. माणूस मात्र अजून चालतो आहे आणि चालणाऱ्याला वळता येते. कर्माच्या अटळ फळाचा विचार ज्या मनावर खोल ठसलेला आहे, त्या मनाला ही मोकळीक फार मोठी वाटते. परंतु ही मोकळीक फुकटची नव्हे. डिट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने १९३७ मध्ये स्वस्त झालेल्या कृपेविरुद्ध लिहिले आणि १९४५ मध्ये नाझींच्या फासावर त्या लिहिण्याची किंमत मोजली. स्वस्त कृपा म्हणजे दारे चुकवून घरी पोहोचण्याची आडवाट. ती वाट घरी पोहोचत नाही.

आपल्या भाषेने या अनुभवाला ‘ताप’ म्हटले, ते खोटे नाही. धग लागल्यावाचून कोणी वळत नाही. त्या धगीचे पुढे काय होते, यावर सारे अवलंबून आहे. ती माणसाला एकट्याला आत कोंडून जाळू शकते, किंवा त्याला उठवून रस्त्यावर आणू शकते. रस्त्यावर आलेल्याने पहिले दार कोणाचे ठोठवायचे, हे त्याला स्वतःला बहुधा चांगले ठाऊक असते.